अण्णा कानात काय सांगायचे

ढोकी,
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. सोनालीताईस,
रणधीरचा सा. न. वि. वि.

तुझी तक्रार पोचली. अण्णा गेल्यापासून माझं एकही पत्र नाही, हे खरं आहे. धंद्याला फोन आणि लेकीला पत्र, हा अण्णांचा नियम. पण पत्र तेच लिहायचे, मी खाली ‘रणधीरचा नमस्कार’ एवढंच जोडायचो. आता सगळा कोरा कागद माझ्यापुढं आहे.

इकडं सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. परवा संक्रांत, पण अण्णांना जाऊन वर्ष व्हायचंय, त्यामुळं घरात सण नाही. आई उंबरा ओलांडत नाही. स्टँडसमोरचं भांड्यांचं दुकान मी उघडतो, पण अकरा वाजतात. नऊच्या ठोक्याला शटर वर करून चहा सांगायला अण्णाच पाहिजेत. माणूस तांब्या घ्यायला यायचा आणि त्यावर नाव घालून होईपर्यंत अण्णा त्याच्या गुरांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायचे. मला ‘आणखी काय देऊ?’ याच्या पुढं सुचत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. तेर गावच्या सृष्टीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. तिला भाऊ नाही. सख्खा नाही, चुलतही नाही. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला मी उभा राहीन, असा शब्द अण्णांनी तिच्या आईला दिला होता. भाऊ नसलेली पोरगी दिसली की अण्णा तिचे भाऊ, हे तुला माहीतच आहे. पंचक्रोशीतल्या नवरदेवांचे कान पिळून त्यांनी मानाच्या एवढ्या टॉवेल-टोप्या आणल्या, की आपल्या घरात टॉवेल कधी विकत घेतलाच नाही. आता सृष्टीची आई म्हणते, बलभीमदादांचा शब्द रणधीरनं पाळावा. आपली आई म्हणते, वर्षाच्या आत दुखवट्याच्या घरचं माणूस मांडवात नको. आणि माझं म्हणशील, तर भरल्या मांडवात दुसऱ्याचा कान धरायचा या विचारानंच माझे कान तापतात. काय करू, ते कळव.

दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. लोभ आहेच, त्यात अण्णांच्या वाटचाही आता घाल.

तुझा,
रणधीर


नागपूर,
२० जानेवारी २०२५

चि. रणधीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोलायला घुम्या आणि लिहायला बरा पोपट निघालास! पत्र वाचून आधी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तू जायचंस. माझ्या लग्नात तुला कांजिण्या आल्या आणि तू घरात कडुलिंबाच्या पाल्यावर लोळत राहिलास. तुझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायला अण्णा तयार झाले नाहीत, म्हणून आमच्या यांचा कान तसाच राहिला. अजून मिरवतात, ढोकीवाल्यांना माझा कान काही सापडला नाही म्हणून. निदान या नवरदेवाला तरी सोडू नकोस.

आणि एक विचारायचंय. अण्णा कान धरला की वाकून नवरदेवाला काहीतरी सांगायचे, आठवतं? आधी तो हसायचा आणि मग एकदम शहाण्यासारखा मान डोलवायचा. काय सांगायचे रे? आईला विचारून बघ.

मनातलं लिहू? सासूबाई विचारतात, माहेरी कधी जाणार, आणि मी पोरांच्या परीक्षा पुढं करते. ‘आली का माझी बाई’ असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणणारं आता तिथं कोण आहे? आई गप्प झालीय आणि तू तर जन्माचाच गप्प. कुणाच्या घरी येऊ, तेच कळत नाही. दुकान अकराला उघडतोस, हेही मला मुळीच आवडलं नाही.

आईला साष्टांग नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


ढोकी,
४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घोटाळा झाला. आई काही मानेना, तेव्हा ठरवलं की लग्नाला गेलो नाही तरी आहेराची घागर पाठवायची. अण्णा अशा पोरींना तांब्याची घागर देत, तुला ठाऊक आहे. काल नाव घालायला बसलो. वर्षानुवर्षं अण्णा गिऱ्हाइकाशी गप्पा मारणार आणि मी शेजारी बसून नाव घालणार, असंच चाललेलं. हात आपल्या जुन्या वाटेनं गेला. संपल्यावर वाचलं, तर ‘चि. सौ. कां. सृष्टीस, भाऊ बलभीम, ढोकी’. पुढं कै. नाही, काही नाही. पाटीवरचं असतं तर पुसलं असतं, तांब्यावरचं कसं पुसू? गेलेल्या माणसाच्या नावानं नव्या संसाराला आहेर! लोक अपशकुन म्हणतील.

पोत्याखाली लपवली आणि म्हटलं, गुपचूप दुसरी करू. तर आज दुपारी आई डबा घेऊन दुकानात आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बाहेर पडली, आणि बसली नेमकी त्या पोत्यापाशी. घागर तिनं मांडीवर घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ती उचलून थेट घरी घेऊन गेली. आता रात्री जेवायला घरी जायचं मला भ्या वाटतंय.

कळावे. या चुकीपायी लोभातून काही वजा करू नकोस.

तुझा,
रणधीर


ढोकी,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सोनालीस,
आईचे आशीर्वाद.

रणधीरनं तुला सगळं लिवलंच असंल. दुसरी घागर करतो म्हणत होता, म्या करू दिली न्हाय. बाई गं, बँकेत जावा न्हायतर तलाठ्याकडं जावा, जिथं तिथं आता ह्यांच्या नावाआधी कै. लावत्यात. नुसतं बलभीम, असं नीट नाव लई दिसांनी बघितलं. बघतच बसले.

सृष्टीच्या आईला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, घागर रुखवतात सगळ्यांच्या पुढं मांडीन, आणि वैनी, तुम्ही आला न्हाईत तर अक्षता पडू देणार न्हाय. मग म्या इचार केला. ह्यांचं नाव तर लग्नाला निघालं. हे कुठल्या लग्नाला गेले आणि मी घरी ऱ्हायले, असं कधी झालं न्हाय. मग ह्याच येळेला मागं राहून काय करू? जाणार हाय. रणधीरलाबी नेणार हाय, कान धरून.

ते कानात काय सांगायचे, मला ठाऊक न्हाय. इचारलं की हसायचे आणि म्हणायचे, तू काय नवरदेव हायस व्हय?

पोरांना वेळेवर खायला घाल. आईवर जीव असू दे.

तुझी,
आई


ढोकी,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
रणधीरचा सा. न. वि. वि.

लग्न लागलं. आई जीपमध्ये घागर मांडीवर घेऊन बसली होती, तेर येईपर्यंत खाली ठेवली नाही. मांडवात शिरताना मात्र मागं सरली. सृष्टीची आई धावत आली आणि हाताला धरून तिला पहिल्या रांगेत बसवलं. रुखवतातली घागर बायका वाकून वाचत होत्या. कुणी नाक मुरडलं नाही. एकीनं तर डोळ्याला पदर लावला.

मग गुरुजींनी हाक दिली, नवरीचा भाऊ कुठाय? उठलो. कसा गेलो, ते विचारू नकोस. कान धरला. अण्णा वाकायचे, म्हणून मीही वाकावं, याची सगळे वाट बघत होते. मी वाकलो, पण सांगू काय? तेवढ्यात गर्दीतून कृष्णराज पुढं आला. कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो तोच. त्याचाही कान अण्णांनी पिळला होता. माझ्या कानाशी लागून त्यानं अण्णांचं वाक्य सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं नवरदेवाला सांगितलं. तो आधी हसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, जी दादा. मला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं गं.

टॉवेल-टोपी मिळाली. टोपी आईनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवली आणि तिथंच मला पोटाशी धरून रडली. मीही रडलो.

ते वाक्य बोलून बसल्यावर दुसऱ्या दिवसापासून नऊला शटर वर करणं भागच पडलं. चहाही सांगतो. काल एका म्हाताऱ्याला म्हशीची ख्यालीखुशाली विचारली. त्याच्याकडं म्हैस नव्हती, पण तो बसला.

आता एक काम कर. दाजींचा कान राहिलाय. लांब आहेत, म्हणून पत्रातूनच धरतो. पुढची अण्णांची ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, आणि तूही ऐक.

दाजी, हिचं माहेर ढोकीत हाय, स्टँडसमोर. रोज सकाळी नऊला उघडतंय.

लोभ घेऊनच ये,

भाऊ रणधीर, ढोकी