ॲब्नर पीलचं नाक

कॉर्बिन फोर्ज, ओहायो
९ ऑक्टोबर १९०६

प्रिय लव्हिनियाताईस,
धाकट्या ओटिसचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. क्लेमेंटचं कॉलेज इथून आगगाडीने तासाभरावर, त्यामुळे तुझ्या आज्ञेप्रमाणे भाचा दर रविवारी मामाकडे येतो. जेवतो चौघांचं. तू विचारलंस, रविवारी प्रभूची सेवा करतो की नुसता लोळतो? लोळतो खरा, पण एकटा नाही. वीटभट्टीमागच्या मैदानात दर रविवारी दोन हजार माणूस जमतं. क्लेमेंट पुढे आला की सगळे उठून उभे राहतात आणि देवाचं नाव इतक्या कळकळीने घेतात, की आमच्या पाद्रीबुवांना हेवा वाटावा.

माझं सुतारकाम ठीक. शवपेट्यांना उठाव बेताचा, खुर्च्यांना बरा. शिवाय यंदा गावच्या पगारी फुटबॉल संघाचा मी व्यवस्थापक आहे. चार सामने, चार विजय. ॲब्नर पील म्हणून एक नवा गडी आहे. लांबट चेंडू काखेत मारून निघाला की अडवणारे त्याच्या अंगाला लोंबकळत येतात. ग्रँटव्हिलला हरवलं की आम्ही जगज्जेते. जग म्हणजे आम्ही, ग्रँटव्हिल आणि मधले रूळ.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो रविवारीही असू द्यावा.
तुझा ओटिस


बेथेल क्रॉसिंग
२३ ऑक्टोबर १९०६

चि. ओटिसला अनेक आशीर्वाद.

सेवेचं वाचून ह्यांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. पहिल्यांदाच. पण मला एक कळेना. क्लेमेंटचं कालचं पत्र डाव्या हाताने लिहिलेलं होतं. उजव्याबद्दल म्हणतो, फार लोकांशी हात मिळवावे लागतात. असली कसली रे सेवा, जिच्यात बोटं सुजतात? लहानपणी जॅम तू खायचास आणि मांजरीच्या मिशांना लावायचास. तेव्हाचा तुझा चेहरा मला तुझ्या पत्रात दिसला.

तुझ्या त्या पगारी फुटबॉलवर ह्यांनी परवा दोन तास प्रवचन दिलं. रविवार बाटवणारे थेट नरकात जातील, असं सांगितलं. दारातून बाहेर पडताना निम्म्या मंडळींनी एकमेकांना विचारलं, गेल्या रविवारी ग्रँटव्हिलचं काय झालं.

गंमत पुरे. पैसे घेऊन खेळले म्हणून कॉलेजने गेल्या वर्षी दोन मुलांना घरी धाडलं, हे तुला ठाऊक आहे. जूनमध्ये क्लेमेंटची पदवी आहे, पुढे लगेच चर्चची दीक्षा. बावीस वर्षं मी एवढंच मागत आले. त्या रानटी लोकांच्या जवळपास त्याला फिरकू देऊ नकोस.

गळपट्टा धाडते आहे. आपली माया खरेपणावर टिकते, हे विसरू नये.
तुझी लव्हिनिया


कॉर्बिन फोर्ज
२० नोव्हेंबर १९०६

प्रिय ताईस,
ओटिसचा लोटांगण घालून नमस्कार. वि. वि.

हे पत्र बसून वाच आणि भावोजींना दाखवू नकोस.

ॲब्नर पील म्हणजे आपला क्लेमेंट. नाव मी दिलं. खरा पील मीच उन्हाळ्यात पुरला होता, त्याची हरकत येणार नव्हती. दोष माझा. पण खोटं कशाला बोलू, मी एकदा विचारलं आणि तो दोनदा हो म्हणाला.

परवा आम्ही ग्रँटव्हिलला हरवलं. शेवटच्या मिनिटाला क्लेमेंट तिघांना पाठीवर घेऊन रेषेपार गेला. नाक मोडलं, पुढचे दोन दात गेले. डॉक्टर म्हणतात, नाक यापुढे थोडं डावीकडे बघेल. गाव वेडं झालं आहे. आमच्या पाद्रीबुवांनी घंटा वाजवली आणि वर म्हणाले की दोरी तपासत होतो.

आता संकट. ग्रँटव्हिलचा व्यवस्थापक टटल म्हणतो, पील हा खोट्या नावाने खेळणारा तुझा कॉलेजातला पोरगा आहे, म्हणून सामना रद्द. त्याच्या स्वतःच्या संघात तीन ब्राऊन आहेत आणि तिघांनाही ब्राऊन म्हणून हाक मारली तर एकही वळून पाहत नाही, ते वेगळं. त्याने सामन्यानंतर काढलेला आमच्या संघाचा फोटो मिळवला आहे आणि तो घेऊन तो तुझ्याकडे निघाला आहे. पाद्रीबाई आयुष्यात खोटं बोललेली नाही हे साऱ्या जिल्ह्याला माहीत, तेव्हा तिच्या तोंडून निघेल ते कॉलेजलाही मान्य होईल, असं तो सांगत फिरतो.

खोटं बोल, असं मी म्हणत नाही. आजारी पडता आलं तर पाहा.

तुझ्या लोभाला मी पात्र नाही, तरी ठेवावा.
ओटिस


बेथेल क्रॉसिंग
२४ नोव्हेंबर १९०६

ओटिसला,
आशीर्वाद या वेळी अर्धाच.

टटल काल आला. बरोबर शपथपत्राचा शिक्का घेतलेला वकील. मी आजारी पडले नाही. आजारी पडणं हेही खोटंच झालं असतं. त्यांना कॉफी दिली, हात पुसले, बायबलवर हात ठेवला आणि फोटो खिडकीपाशी नेला. मागच्या रांगेत तिसरा. चिखल कानापर्यंत, नाक पूर्वेला, तोंडात खिंडार, आणि हसू असं, की जग लुटून आणलंय.

मी देवाला स्मरून सांगितलं की मी कॉलेजात धाडलेला मुलगा हा नव्हे. माझ्या मुलाचं नाक सरळ होतं, दात पुरे होते, आणि रविवारी तो चर्चखेरीज कुठे पाऊल टाकत नसे. यातला शब्द न् शब्द खरा आहे. वकिलाने लिहून घेतलं, मी सही केली. तुझं अजिंक्यपद राहिलं, क्लेमेंटचं कॉलेज राहिलं. टटल म्हणाला, काही बिघडत नाही, आमच्या गावानेही जगज्जेते अशी पाटी लावलीच आहे, रंगही वाळला.

इथवर मी अगदी शांत होते. मग दारात टोपी घालताना तो आपणहून म्हणाला की, बाईसाहेब, हा पील कोणाचा कोण असेल तो असो, असा गडी मी वीस वर्षांत पाहिला नाही. धन्य त्याची आई. ओटिस, मी दाराची कडी इतकी घट्ट धरली की अजून तळहातावर वळ आहे. सत्य सांभाळणं मला कधी जड गेलं नव्हतं. काल गेलं.

क्लेमेंटला सांग, आई जूनपर्यंत रागावलेली आहे आणि या विषयावर एक अक्षर ऐकणार नाही. दीक्षा झाली की मात्र त्याने ह्यांना झोपू द्यावं, स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसावं, आणि पहिल्या शिट्टीपासून सगळं सांगावं. त्या तिघांना पाठीवर नेल्याचं दोनदा.

राग ओसरेपर्यंत लोभ उधार समजावा.
तुझी ताई
लव्हिनिया