कोणती माती किती पिते

सोम. ४ नोव्हें. १९५७
मी बोलतेय, नात कुंदा लिहितेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.
चाळीमागच्या वाफ्याशी दुपारी डुलकी लागली. गावाहून परतणारा जो तो पिशवीभर माती आणून तिथे ओततो. माझा कोपरा रत्नागिरीचा, तांबडा. शेजारच्या पारूचा साताऱ्याचा, काळा. पुढारी संयुक्त महाराष्ट्रावर भाषणं करतायत, इकडे मागल्या दारी मुलूख कधीच एक झालाय. पलीकडे गिरणीच्या रंगखात्याची मोरी. कधी निळी वाहते, कधी गुलाबी. बघत बसावं नुसतं.

बुध. ६
माझगावचे पास्कल मास्तर आले. कॉलेजात रसायन शिकवतात. मोरीकाठच्या मातीचा नकाशा करतायत. कुठली माती गिरणीचं पाणी किती आत घेते, कुठे धोका जास्त. म्हटलं, माझा कोपरा सोडा, ती माती बोटीतून आलीय, तिला अजून मुंबई लागलेली नाही. हसले. "शनिवारी तिलाच विचारू, आजी."
सुनेला सहावा महिना. रोज त्याच कोपऱ्यातल्या अळूचं फदफदं मागते. हे कळल्यावर हसायचे थांबले.

शनि. ९
बिनबुडाचे डबे मातीत रोवून मास्तरांनी निळीचं पाणी ओतलं. पारूच्या डब्यात तसंच तुंबलं. म्हटलं, सातारची माती, आल्यागेल्याला उंबऱ्यातच उभं करते. माझ्या डब्यातलं बघता बघता नाहीसं. मला वाटलं, जिंकले.
मग खणलं. काळ्या मातीत निळं बोटभर. तांबडीत हातभर, पार अळूच्या मुळांखाली. नकाशात सगळ्यांत गडद रंग माझ्या कोपऱ्याला. गावच्या माणसांसारखीच ती, जो जे देईल ते पोटात घेते.
पारूनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

रवि. १०
दुपारी स्वप्न. मी मातीत निजलेय, अंगातून निळं पाणी उतरतंय. थंडगार. बरं वाटत होतं, तीच भीती.
अळू बंद केलं. सून म्हणाली, "आई, इतके महिने खाल्लं त्याचं काय?"
म्हटलं, काय होत नाही गो. कुंदा, हे लिहू नको. लिहिलंस?

गुरु. १४
अळू उपटलं. मास्तरांना एकटं गाठून विचारलं. म्हणाले, "माती कशी पिते ते मी सांगेन. मोरीत काय काय सोडतात ते गिरणी सांगत नाही." पत्र घातलंय त्यांनी. उत्तर नाही.

सोम. १८
सुनेनं आपणहून माझा हात पोटावर ठेवून घेतला. मोरी आज पिवळी, हळदीसारखी. ऊन तिच्यावर तरंगतंय. पोटात एकदा हललं. मग बराच वेळ काही नाही.
कुंदा विचारते, पुढे काय लिहू.
थांब म्हटलं. परत हलू दे.