सवतीचा अडुळसा

ता. २ नोव्हेंबर १९३२, सोलापूर
सांगोल्याहून काल सासरी आले. घर लहान, पण परस हिरवंगार! अडुळसा, गवती चहा, कोरफड, कुंपणावर गुळवेल. आमच्याकडे प्यायला पाणी नसतं आणि इथे न्हाणीचं पाणी थेट आळ्यांत सोडलेलं. मी तर हरखूनच गेले. हे होटगीला रेल्वेत आहेत, इंजिनाच्या धुराने सारखे खोकतात. म्हटलं, माझ्या हातच्या काढ्याने बरे करीन. झाडं सगळी सोजरबाईने लावलेली, म्हणजे यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोने. असेनात का.

ता. ७
असेनात का कसलं! गल्लीतल्या बाया येतात आणि सोजराचा अडुळसा द्या की, म्हणतात. मी कोण मग? यांना काढा पाजला, तर म्हणाले तिच्या हातची चव न्हाय. अंगाचा तिळपापड झाला.
सासूबाईंनी रीत सांगितली. औषधाची पानं ओरबाडायची नाहीत. आदल्या सांजेला बुडाशी हळदकुंकू, अक्षता वाहून ‘उद्या तुला न्यायला येते’ म्हणायचं, मगच सकाळी तोडायचं. “बोलावणं मोडू नगं बाई, झाड वाट बघत ऱ्हातं.”

ता. १२
आज रागाच्या भरात अक्षता वाहिल्या त्या तिच्याच नावाने. म्हटलं, सोजरबाई, उद्या तूच ये आणि पाज तुझ्या नवऱ्याला!

ता. १३
पानं तोडायला गेलेच नाही. न्हाऊन आले तर चुलीवर काढा उकळत होता. सासूबाई देवळात गेलेल्या. यांनी वाटी चाटूनपुसून प्यायली, तीच चव म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. इतके कधी हसले नव्हते. मी केलाच नाही, हे मी सांगितलं नाही.

ता. १६
रोज आयता काढा. खोकला गेला. वाटीवर हिरवी बोटं उमटलेली असतात. हे मला विजयमाला म्हणत नाहीत आता, सोजरा म्हणतात. मेलेल्या बाईवर कसलं जळायचं? पण जळते मी.

ता. १७
अडुळसा मुळासकट उपटला, चुलीत घातला. नवरा माझा आहे.

ता. १८
अडुळसा जागेवर आहे. सासूबाई म्हणतात, कुणी उपटला गं? पण राख — मी स्वतः भरली —

ता. १९, सांज
जरा डोळा लागला होता. कानाशी कुणी म्हणालं, विजयमाला, उद्या तुला न्यायला येते. उठले तर पावलांवर हळदकुंकू. बोटांच्या बेचक्यांत अक्षता. पुसते, जात नाही —

ता. २०
उजाडलं. पाऊल भुईवरून सुटत नाही. हे ओट्यावरून हाक मारतायत, सोजरा — परसातून कुणी ओ दिली —
अहो, मी इथे —
बांगड्या वाजल्या. वाकली. हिरवी बोटं. आधी माझा हा हात खुडते —