पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलेली तोफ

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (बसल्या जागेवरूनच, उठलो तर मागे फाइल कोण नेईल सांगता येत नाही).

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त जेवण जात नाही आणि शिपायाने हाक मारली तरी दचकतो.

याला जबाबदार तुम्ही. मागच्या खेपेस तुम्हीच म्हणालात, की आमच्या खात्यातली सैन्याची हत्यारखरेदी तुमच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानासारखी चालवा : आधी वापरा, पटलं तर ठेवा. मी शहाण्याने ते साहेबांच्या कानावर घातलं. खाजगी कंपन्यांचा कित्ता गिरवा, असं फर्मान त्यांना वरून नुकतंच आलं होतं (तोवर आम्ही फक्त खुर्च्या बदलल्या होत्या). झालं! एका कंपनीची तोफ पंधरा दिवस फुकट वापरायला आली आणि सरहद्दीवर थेट तुमच्या चिरंजीवांच्या तुकडीकडे गेली, कारण त्यांची जुनी तोफ दर तिसऱ्या गोळ्याला अडून बसते आणि हा पठ्ठ्या तिला हातोड्याने समजावतो. नवी एकदाही अडली नाही. मी हुरळून खरेदीचा कागद पुढे सरकवला. हिशेबनीस म्हणाला, तीन ठिकाणचे दर हवेत. म्हटलं, अहो, सध्या ती फुकट आहे. तर म्हणे, मग आणखी दोन फुकटचे दर आणा, त्यातला सगळ्यात कमी धरू. तीन दिवस मी फुकटापेक्षा स्वस्त काय मिळतं ते शोधत हिंडतोय. तोफ परत करायची शुक्रवारी, आणि मंजुरी (सगळं सुरळीत झालं तर) चार वर्षांनी. म्हणजे शनिवारी तो पुन्हा हातोडा घेऊन जुन्या तोफेपुढे उभा. मामा, मला खरंच भीती वाटते. फाइल काखेत मारून खिडकीपाशी जातो, परत येऊन बसतो, पुन्हा उठतो. काही सुचत नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. पंप 'जरा बघतो' म्हणून नेऊन वर्षानुवर्षं परत न करणारी तुमची गिऱ्हाईकं काय काय सबबी सांगतात, त्यांची यादी ताबडतोब पाठवा. पत्र खरं त्यासाठीच.

आणखी ता. क. यादी राहू द्या. चिरंजीवांचा आताच निरोप आला : नव्या तोफेचं एक चाक हरवलंय, सगळी तुकडी मनापासून शोधतेय, सापडायला साधारण चार वर्षं लागतील. हे पत्र मात्र मामींच्या हाती पडू देऊ नका. तो कोठारात धान्याची पोती लावतो, असंच त्यांना वाटू द्या.