मेगास म्हणजे चिपाडच

कारखाना वसाहत, जानेवारी १९७३

तीर्थरूप आईस, शहादेवचा लांबूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा हाय, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. आपली तांबडी गाय आता दुष्काळी जनावरांच्या छावणीत उठून उभी राहती का? तिथं वडवणीला आमच्या साखर कारखान्याचा चिपाडाचा ट्रक पोचला असंल. तो निघायचाच राहिला असता.

वरून इंग्रजीत हुकूम आला, छावणीला 'मेगास' द्या. स्टोअरकीपर मोहनराव म्हणाले, "आपल्याकडं बगॅस हाय. मेगास न्हाई." ते कागद परत पाठवायला निघाले. माझ्या डोळ्यापुढं तांबडी दिसत होती.

आमच्या हापिसातल्या टायपिस्ट गीताबाईंनी कागद थांबवला. हायस्कुलातून जाडजूड शब्दकोश आणला. बगॅस, बगास, मेगास, स्पेलिंगं निरनिराळी पण वस्तू एकच, रस काढलेल्या उसाचं चिपाड. आधी म्हणं तेल काढलेल्या फळांच्या चोथ्याला हा शब्द होता. त्याचा अर्थ टाकाऊ.

"टाकाऊ म्हणू द्या," त्या म्हणाल्या, "साखरेतली उरलेली गोड मळी लावली की जनावर त्यावर जगतंय."

मोहनराव हसले आणि त्यांनी लगेच सही केली.

इतकी हुशार अन् धीराची बाई मी पाहिली न्हाई. बी.ए. झालेली हाय, बौद्ध घरातली.

पुढचं बहीण जाईनं तुला हळू वाचून दाखवावं. मला या गीताशी लग्न करायचंय, तिचा होकार हाय. अण्णा बाप म्हणून काय म्हणतील ते मला ठाऊक हाय. मी तुला विचारतोय आई, तू तिला आपल्या चुलीपाशी बसवशील का?

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
शहादेव