घरचा माल

३ मार्च
आजपासून धंद्यात पारदर्शकता. पहाटे सासऱ्यांचा टोमॅटो मार्केट यार्डात माझ्या अडतीच्या गाळ्यावर उतरला. बाकीचे शेतकरी क्रेट टाकून निघून जातात, हे मात्र लिलाव संपेपर्यंत काट्याला चिकटून उभे. खुर्ची दिली, बसले नाहीत. जावयावर पहारा! वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

५ मार्च
सासऱ्यांना भाव थोडा कमी सांगितला. त्यांच्याच भल्यासाठी. चढ्या भावाची सवय लागली की माणूस पुढे खचतो. ते म्हणाले, जावईबापू, समोरच्या गाळ्यावर जास्त निघाला म्हणतात. मी म्हटलं, लोक काय, काहीही म्हणतात. हिशोबाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. पटलं असावं.

८ मार्च, दुपार
बायको तोडणीसाठी माहेरी. फोनवर म्हणाली, बाबांशी तरी सरळ वागा, ते दुसऱ्या गाळ्यावर गेले तर त्यांच्यामागे सगळं गाव जाईल, गाळ्याला कुलूप लागेल. मी म्हटलं, आधी विश्वास टाकावा लागतो. यापुढे तुमच्या घरचा एकही क्रेट उघडून बघणार नाही. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? भारावली बिचारी.

११ मार्च
‘आधी विश्वास’ अशी पाटी रंगवायला टाकली. पेंटरने अ‍ॅडव्हान्स मागितला. काय दिवस आलेत.

१४ मार्च, सकाळी
जिंकलो! सासरे क्रेट उतरवून लगेच निघाले. काटा बघितला नाही, चहालाही थांबले नाहीत. माझा जुना व्यापारी क्रेट उपसून बघायला लागला, तर त्याचा हात धरला. म्हटलं, घरचा माल आहे, डोळे मिटून ने.

दुपारी
व्यापारी परत आला. सगळे क्रेट गाळ्यासमोर पालथे केले. वरचा थर लालबुंद, खाली नुसता किडका, फुटका माल. चारचौघांत म्हणाला, तुझ्या गाळ्याची पायरी चढणार नाही. पायाखाली चिखल झाला होता, चप्पल निसटत होती.
समोरच्या गाळ्यावर गावातल्या सगळ्यांचे क्रेट उतरत होते. सासरे तिथे, काट्याकडे पाठ करून, खुर्चीत बसून चहा पीत होते.
बायकोला फोन केला. विचारलं, क्रेट कोणी भरले? म्हणाली, मीच. तुम्ही उघडणार नव्हता ना.

संध्याकाळी
पेंटर पाटी घेऊन आला. अक्षर सुरेख काढलंय. कुठे लावू, म्हणाला. मी म्हटलं, समोरच्या गाळ्यावर विचार.