वन्संच्या खोलीतले दिवस

३ तारीख, मंगळवार

परत बाहेरून कुलूप! वन्सं म्हणतात, "तू म्हणजे नुसती भिंगरी. जिन्यात पडलीस तर भावाला काय तोंड दाखवू?" त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहेत. खोली इस्पितळाच्या मागच्या भिंतीला लागून, म्हणून आठवा लागताच मला इथे आणून टाकलंय. नवरा लांबच्या ट्रकवर. फोनवर एकच पालुपद— "बाळंतपण मोठ्या ठिकाणीच!"

का पण? आमच्या गल्लीत दवाखाना आहे की!

५ तारीख, गुरुवार

तपासणी. सकाळपासून रांग. मग टेबलावर पाय वर, भोवती शिकाऊ डॉक्टरांचं कोंडाळं. एकाने मान वर न करता विचारलं, "कितवी खेप?" झालं.

गल्लीतल्या सिस्टरबाई कशा— "या भटकभवानी, आज कुठे उंडारलात?" म्हणत नळी माझ्याच कानाला लावायच्या. बाळाचं काळीज घोड्यासारखं दौडतं! घोड्यावरून आठवलं, मी सर्कशीत तिकिटं फाडायचे तेव्हा एक म्हातारी घोडी होती, फक्त डावीकडेच वळायची. उजवीकडे जायचं तर बिचारी पूर्ण गिरकी... काय लिहीत होते?

हां. मला सिस्टरबाईच हव्यात.

८ तारीख, रविवार

वन्संना सांगून टाकलं. "थोरलीचं काय झालं, विसरलीस?" विसरेन कशी! जाऊबाईंना त्याच दवाखान्यातून ऐन वेळी इकडे धाडायचं ठरलं. गाडी येईपर्यंत बाळ गेलं. पण ते तेव्हा! आता नवी इमारत, नवे पंखे.

"पंखा बाळंतपण करतो का गं?"

रागात होते तरी फिस्सकन हसले.

१० तारीख, मंगळवार

खिडकी, भिंत, वाळत्या चादरी. जीव नुसता घुसमटतो.

११ तारीख, बुधवार

पळाले! वन्सं पाण्याला गेल्या, मी सरळ बसमध्ये. सिस्टरबाईंना म्हटलं, "तुमच्याच हातून करायचंय." त्यांचा चेहराच पडला. मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं.

"हात आहेत गं माझे. पण अंगावरून जायला लागलं तर इथे रक्ताची बाटली नाही. डॉक्टर दुपारीच घरी. गाडी कधी येईल, देव जाणे. मी नुसता हात धरून बसणार. तुझ्या जावेचा धरला होता तसा."

"मग सगळ्यांना या या कशाला म्हणता?"

"तपासायला म्हणते. तेवढं तरी नीट करता येतं. माझी लेक कुठे बाळंत झाली, ठाऊक आहे? तुझ्या वन्संच्या इस्पितळात. कुठे बोलू नकोस. आहे तो दवाखानाही बंद करतील."

परत आले. माझ्याच पायांनी. वन्संनी ताट वाढलं.

१२ तारीख, गुरुवार

गल्लीतल्या शेजारणीचा फोन. तिला सातवा. "काल दवाखान्यात गेली होतीस ना? मीही तिथेच नाव घालू का?"

फोनवर हात ठेवून विचारलं— वन्सं, इथे अजून एक गादी मावेल?